मुंबई विद्यापीठात शिकायला येताना राहण्याची सोय कशी करावी

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले ते महाविद्यालयांना संलग्न करून घेऊन परीक्षा घेण्यासाठी. विद्यार्थ्यांना राहायला जागा देणे हे त्याचे काम नव्हते. वसतिगृहे उभारली ती महाविद्यालयांनी, ज्ञातिसंस्थांनी आणि दानशूर मंडळींनी, आपापल्या परीने. पुढे विद्यापीठाची स्वतःची वसतिगृहे झाली, तरी प्रवेश मिळाला म्हणजे खाटही मिळाली असे समजून गावाहून निघणाऱ्याची आजही फसगत होते.

प्रथम आपला विभाग कोठे भरतो ते पाहावे. विद्यापीठाची ओळख असलेला राजाबाई टॉवर दक्षिण मुंबईत, फोर्टात असला तरी बहुतेक पदव्युत्तर विभाग सांताक्रूझ पूर्वेला, कलिना संकुलात आहेत. वसतिगृहाचा अर्ज वेगळा करावा लागतो, हे लक्षात ठेवून गुणपत्रिका, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि मुंबईतील स्थानिक पालकाचे पत्र आधीच तयार ठेवावे. वर्ग कलिन्याला आणि खाट चर्चगेटच्या वसतिगृहात मिळत असेल, तर अंतराच्या धास्तीने ती सोडू नये. सकाळी सारी गर्दी चर्चगेटकडे येत असताना आपण उलट दिशेने निघतो, संध्याकाळीही तसेच. त्यामुळे लोकलमध्ये चक्क बसायला मिळते, आणि हे सुख विरारहून येणाऱ्याला विचारावे. पासाच्या सवलतीचा फॉर्म मात्र पहिल्याच आठवड्यात कार्यालयातून घ्यावा.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी स्वाधार योजनेसाठी अर्ज करावा. मुंबईसाठी योजनेत भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेले होते. अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावा. ही रक्कम सुरुवातीलाच हाती पडेल असे धरून चालू नये. पहिल्या काही महिन्यांची तजवीज घरून करून निघावे.

यातले काहीच जमले नाही, तर कॉट बेसिसवर राहावे लागते. एकाच खोलीत चार-सहा खाटा, एक कपाट दोघांत आणि बाथरूमसाठी रांग, अशी ही व्यवस्था असते. अनामत देण्यापूर्वी लेखी करार व पावती मागावी, महिना मध्येच सोडल्यास किती रक्कम कापणार ते करारात लिहून घ्यावे, आणि खोली दुपारी न पाहता सकाळी सातच्या सुमारास पाहावी, कारण नळाला पाणी किती वेळ येते आणि त्या वेळी बाथरूमपुढे किती जण उभे असतात, हे तेव्हाच कळते.