रेड मडचा केक ओला येतोय? फिल्टर प्रेसवर या चुका टाळा

बॉक्साइटमधून अॅल्युमिना काढल्यावर उरणारा लाल गाळ म्हणजे रेड मड. फिल्टर प्रेस तो प्लेटांवरच्या कापडातून दाबाने गाळते, आणि कापडावर उरतो तो घट्ट थर म्हणजे केक. हा केक ओला पडला की लगेच दाब वाढवू नका. आधी हातमोजा घालून केक मोडून पाहा. कडा घट्ट आणि मधला गाभा मऊ असेल, तर फीड (प्रेसमध्ये पातळ गाळ, म्हणजे स्लरी, सोडणं) लवकर थांबवलंय. चेंबरचा (दोन प्लेटांमधल्या पोकळीचा) मध्य सगळ्यात शेवटी भरतो. सगळेच केक पातळ आणि ओले असतील, तर कापड चोंदलंय. एकाच चेंबरची तक्रार असेल, तर त्या प्लेटचं फीडचं भोक तपासा. ते बुजलेलं असताना प्रेस चालवली, तर एका बाजूला दाब, दुसरीकडे पोकळी, आणि प्लेट वाकते किंवा तडकते.

कापड चोंदण्यामागे बहुतेकदा धुण्याची पद्धत असते. पाळी संपताना थंड पाण्याचा पाइप मारला की अॅल्युमिनेट लिकर (कॉस्टिक सोड्यात विरघळलेल्या अॅल्युमिनाचं द्रावण) पातळ आणि गार होतं आणि त्यातलं हायड्रेट (अॅल्युमिनाचे स्फटिक) धाग्यांच्या आतच बसतं. कापड वरून स्वच्छ दिसतं, पण पुढच्या फेरीत पाणी सोडत नाही. म्हणून आधी गरम कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) फिरवा, मग गरम पाणी. सिलिकेटचा स्केल (घट्ट बसलेला कडक थर) मात्र कॉस्टिकला दाद देत नाही. त्याला सौम्य आम्ल लागतं, तेही कॉस्टिक पूर्ण धुऊन गेल्यावरच. दोन्ही एकत्र आले तर द्रावण उसळून अंगावर येतं. स्वस्त मिळालं म्हणून पॉलिएस्टरचं कापड घेऊ नका, गरम कॉस्टिक ते खाऊन टाकतं. पॉलिप्रॉपिलीनच घ्या आणि ताग्यांवर ऊन पडू देऊ नका.

हा सिलिकेट येतो कुठून, तर थेट खाणीतून. कोकणच्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) जांभ्याच्या आणि बॉक्साइटच्या खाली पांढरट चिकणमाती असते. खोदाई जरा खोल गेली की ती खनिजात मिसळते. तिच्यातली सिलिका कॉस्टिकमध्ये विरघळते आणि पुढे सोडा व अॅल्युमिना सोबत घेऊन घट्ट बसते. पावसाळ्यात तर ओला माल चिकटून येतो, माती वेगळी काढणं अवघड होतं. जून ते सप्टेंबर ढीग झाकून ठेवा आणि सिलिकेची तपासणी वाढवा.

फीड सुरू करताना पहिल्या मिनिटापासून पूर्ण दाब देणं ही नेहमीची घाई. बारीक कण थेट विणीत घुसतात. साधारण १ ते २ बारवर पातळ थर बसू द्या, फिल्ट्रेट (गाळून बाहेर येणारं द्रावण) निवळलं की टप्प्याटप्प्याने ६-७ बारपर्यंत न्या. फ्लॉक्युलंट (बारीक कणांचे गोळे जमवणारं रसायन) जास्त पडलं तर केक बुळबुळीत होतो. अर्धवट बंद व्हॉल्व्हमधून स्लरी ढकलली तर जमलेले गोळे फुटतात.

प्लेटा मिटण्याआधी सीलिंगच्या कडेवरून प्लास्टिकची पट्टी फिरवा, चिकटलेला केक निघाला पाहिजे. चण्याएवढा खडा राहिला तरी तिथून गरम कॉस्टिकची चिळकांडी उडते. डोळ्यांत गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. प्रेसजवळ अॅल्युमिनियमची शिडी किंवा बादली नको. कॉस्टिक लागलं की तिच्यातून हायड्रोजन सुटतो.