हार्ट फेल्युअरमध्ये व्यायाम: पंपिंगचा आकडा बाजूला ठेवा आणि या चुका टाळा

सहा महिने नेमाने चालायचं, मग मोठ्या आशेने इको (हृदयाची सोनोग्राफी) काढायचा आणि पंपिंग ३० टक्क्यांचं जेमतेम ३२ झालेलं दिसलं की हिरमुसून बूट कपाटात टाकायचे. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय शरीराच्या गरजेइतकं रक्त नीट पुरवू शकत नाही अशा आजाराच्या, रुग्णांच्या बाबतीत हे इतक्यांदा घडतं की चुकांची सुरुवात इथूनच करायला हवी. तोच माणूस सहा महिन्यांपूर्वी एका जिन्यात दोनदा थांबत होता आणि आता एका दमात वर जातो, हे मात्र रिपोर्टमध्ये कुठेच छापलेलं नसतं.

पंपिंग, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, हा एका ठोक्याचा हिशेब आहे. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर गेलं, एवढंच तो सांगतो. धडधाकट माणसातही तो १०० नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. त्यामुळे ‘हृदय ३० टक्केच चालतंय’ हा अर्थच चुकीचा. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांचं पंपिंग तर ५० किंवा त्याहून जास्त असतं आणि तरी त्यांना धाप लागते. किती चालवतं आणि इकोत काय दिसतं, या दोन गोष्टींची सांगड फार सैल आहे.

मग व्यायाम नेमकं काय करतो? बराचसा फायदा हृदयाबाहेर होतो. हा आजार जुना झाला की पायांचे स्नायू बारीक होतात, त्यांच्यातल्या केशवाहिन्या विरळ होतात आणि ऊर्जा तयार करणारी पेशींमधली यंत्रणा रोडावते. असे स्नायू थोड्या कामातच थकतात आणि दम लवकर लागतो. व्यायामाने हे बऱ्याच अंशी उलटवता येतं, रक्तवाहिन्याही अधिक मोकळ्या होतात. हृदय तेच राहतं, पण त्याच्याकडे होणारी मागणी शहाणी होते. पुढच्या बहुतेक चुका हे न समजल्यामुळे होतात.

‘आता आराम करा’ हा सल्ला

एके काळी डॉक्टरही हेच सांगत, त्यामुळे घरच्यांना दोष देता येत नाही. पण अंथरुणाची किंमत काय असते, हे १९६६ साली डॅलसमध्ये झालेल्या एका प्रयोगात दिसलं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा लक्षात आलं की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांचा दमसास जितका कमी केला नव्हता, तितका त्या तीन आठवड्यांनी केला होता. ही निरोगी माणसांची गत, तर आधीच थकलेल्या शरीराचं काय होत असेल?

भीतीचं उत्तर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचएफ-ॲक्शन या अभ्यासात आहे. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या २,३३१ रुग्णांवर तो झाला. व्यायाम सुरक्षित ठरला, चालण्याची क्षमता आणि रोजचं जगणं सुधारलं. मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण मात्र थोडंच घटलं. त्यातही बऱ्याच जणांना ठरलेली मिनिटं पाळता आली नव्हती. व्यायाम ही जादू नाही, पण गोळ्यांइतकाच तो उपचाराचा भाग आहे.

चुकीच्या दिवशी सुरुवात

पायांवर सूज चढतेय, रात्री उशा वाढवाव्या लागताहेत, तीन दिवसांत वजन दोन किलोंपेक्षा जास्त वाढलंय, अशा वेळी ‘घाम गाळला की पाणी उतरेल’ असं वाटणं साहजिक आहे, पण ते धोक्याचं आहे. हे पाणी घामाने उतरत नाही. त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. ताप, नव्याने सुरू झालेली अनियमित धडधड, बसल्या जागी छातीत दुखणं किंवा धाप लागणं, यांनाही हाच नियम. महाधमनीची झडप खूप अरुंद असेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर आधी झडपेचा निकाल लावायचा. म्हणून सकाळी लघवी करून आल्यावर वजनकाट्यावर उभं राहणं हा व्यायामाचाच पहिला भाग समजा.

घड्याळातल्या नाडीवर विश्वास

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. २२० मधून वय वजा करायचं आणि त्याच्या अमुक टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची, हे सूत्र मोबाइलवरच्या प्रत्येक ॲपमध्ये असतं. पण हार्ट फेल्युअरचे बहुतेक रुग्ण बीटा ब्लॉकर घेतात आणि त्या गोळीचं कामच नाडी चढू न देणं हे आहे. घड्याळ म्हणतं ‘अजून जोर लावा’, कारण नाडी ९५ वर अडकलेली असते. इकडे माणूस धापा टाकत असतो. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं) असेल तर ठोके इतके अनियमित पडतात की मनगटावरच्या आकड्याचा भरवसा आणखी कमी. वेगाचं गणित हृदयाच्या ताण चाचणीवरून तज्ज्ञाने काढून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

एरवी स्वतःच्या श्वासावर चाला. चालताना सलग वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, हा योग्य वेग. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. रिहॅबमध्ये, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायाम-उपचारात, यासाठी कष्टाचा अंदाज मोजणारं बोर्ग स्केल वापरतात. ते ६ पासून सुरू होऊन २० ला संपतं, म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटतं. त्यामागे सरळ हिशेब आहे: आकड्याला दहाने गुणलं की निरोगी माणसाची साधारण नाडी मिळते, ६० पासून २०० पर्यंत. बीटा ब्लॉकरवर असताना हा गुणाकार चुकतो, पण ‘मला किती कष्ट पडताहेत’ हा अंदाज चुकत नाही. सुरुवातीला ११ ते १३, म्हणजे ‘हलकं’ ते ‘थोडं कठीण’, इतपत कष्ट पुरेत.

चांगल्या दिवशी उधळण

बरं वाटलं म्हणून एक दिवस पाऊण तास चालायचं आणि पुढचे दोन दिवस पलंगावर काढायचे. महिन्याची बेरीज केली तर यात रोज पंधरा मिनिटं चालणाऱ्यापेक्षा काही जास्त निघत नाही. खूप अशक्तपणा असेल तर दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं, असे चार-पाच तुकडे करा. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटंही चालतात. वाढवताना आधी वेळ वाढवा, वेगाला सगळ्यात शेवटी हात लावा. तासाभराने थकवा उतरला नाही, किंवा दुसऱ्या दिवशी अंग जड वाटलं, तर कालचा डोस जास्त झाला असं समजून एक पायरी मागे या.

जोराचे आणि सावकाश टप्पे आलटून पालटून करण्याची सध्या मोठी चलती आहे. २०१७ च्या स्मार्टेक्स या अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये तो प्रकार मध्यम वेगाच्या सलग व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. देखरेखीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकदम थांबणं

चालून आल्या आल्या खुर्चीत बसलात आणि डोळ्यांपुढे अंधारी आली? पायांच्या मोकळ्या झालेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचतं, त्यात रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्यांचा असर असतो. शेवटची पाच ते दहा मिनिटं वेग हळूहळू उतरवत आणा. सुरुवातही तशीच सावकाश. तरीही रोज भोवळ येत असेल, तर गोळीची वेळ आणि व्यायामाची वेळ एकमेकांवर येतात का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

वजनांना घाबरणं, किंवा श्वास रोखून ती उचलणं

नुसतं चालून मांड्यांची गेलेली ताकद पुरती परत येत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, टाचा उचलणं, लवचिक पट्टा ओढणं, हे आठवड्यातून दोनदा हवंच. अट एकच: जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि रक्तदाब हेलकावे खातो. दहा-बारा वेळा आरामात उचलता येईल एवढंच वजन घ्या. वाकल्यावर अर्ध्या मिनिटात धाप लागत असेल, बुटाची नाडी बांधतानाही, तर पुढे वाकण्याचे प्रकार टाळा आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. बऱ्याचदा ती शरीरात पाणी साठल्याची खूण असते.

अंगदुखीवर घेतलेली गोळी

नव्याने व्यायाम सुरू केला की पोटऱ्या दुखतात आणि हात घरातल्या औषधांच्या डब्याकडे जातो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि पाण्याच्या (लघवीवाटे जास्तीचं पाणी काढणाऱ्या) गोळ्यांचा परिणाम कमी करतात. व्यायामाने बिघडलं असं वाटणाऱ्या काही जणांचं मुळात याच गोळ्यांनी बिघडलेलं असतं. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं, तेही लक्षात असू द्या. दुखण्यावर काय चालेल ते आधीच विचारून ठेवलेलं बरं.

जिममधला ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही आपल्यासाठी नाही. दिवसाच्या पाण्याची मर्यादा ठरवून दिली असेल तर व्यायामाचं पाणी त्यातच मोजायचं. क्षारांची पावडर आणि व्यायामाआधी घ्यायची तरतरीची पेयं नकोत.

आयसीडी बसवलंय, पण त्याचा आकडा माहीत नाही

आयसीडी म्हणजे हृदयाची जीवघेणी लय सुधारण्यासाठी शरीरात बसवलेलं यंत्र. हे यंत्र ठरावीक वेगाच्या वरचे ठोके धोकादायक समजून झटका देऊ शकतं. तो वेग किती, हे विचारून लिहून ठेवा आणि व्यायामात नाडी त्याच्या १० ते २० ठोके खालीच राहू द्या. यंत्र नुकतंच बसवलं असेल तर पहिले काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका. एक झटका बसला आणि नंतर बरं वाटलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लागोपाठ झटके बसले किंवा बरं वाटत नसेल, तर थेट रुग्णवाहिका.

सगळं नीट करूनही दमसास वाढत नाही तेव्हा

दोन-तीन महिने नियमित करूनही फरक नसेल तर स्वतःला आळशी ठरवण्याआधी काही तपासण्या करून घ्या. पहिली लोहाची. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत लोह कमी असतं आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही त्याने दमसास कमी होतो. नुसता हिमोग्लोबिनचा रिपोर्ट पाहून समाधान मानू नका, शरीरातलं लोह दाखवणाऱ्या फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्या पाहा. पंपिंग कमी असलेल्यांना शिरेतून लोह दिल्यावर फायदा होतो. तोंडाने घेतलेल्या गोळ्यांचा तितका होत नाही. थायरॉइड, नव्याने सुरू झालेलं एट्रियल फिब्रिलेशन, झोपेत श्वास अडकणं, हीसुद्धा कारणं असू शकतात. पेसमेकर असेल तर चालताना तो ठोके वाढवतो की नाही, हेही विचारा. कधी कधी नुसती सेटिंग बदलल्यावर चालणं सोपं होतं.

आजारपणात पंधरा दिवसांचा खंड पडला, तर आधीच्या निम्म्या वेळेपासून पुन्हा सुरू करा. शेवटच्या दिवशी अर्धा तास चालत असाल, तर परतल्यावर पंधरा मिनिटं, तीही मध्ये एकदा बसून.