दुसऱ्या खेपेला ऑप्टोमेट्री
ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत माझी दांडी उडाली होती. अमेरिकेत ऑप्टोमेट्रीला (डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणाऱ्या डॉक्टरांचं शिक्षण) अर्ज करताना विषय पुन्हा दिला तरी जुने मार्क पुसले जात नाहीत. ऑप्टोमकॅस, म्हणजे हे अर्ज जिथे भरतात ती सामाईक सेवा, दोन्ही प्रयत्न मोजतं. तरीही पुन्हा दिला, ओएटी या प्रवेश परीक्षेसाठी फिजिक्स घासलं (तेच सगळ्यात नावडतं!) आणि वर्षभर डोळ्यांच्या दवाखान्यात काम केलं. ‘हे स्पष्ट, की हे?’ विचारत भिंगं बदलणाऱ्या डॉक्टरांना बघूनच अर्जातला निबंध सुचला. दुसऱ्या खेपेला प्रवेश मिळाला.

कर्जाचं गणित मात्र उशिरा कळलं. अनसबसिडाइज्ड लोनवर (सरकार ज्याचं व्याज भरत नाही असं कर्ज) शिकत असतानाही व्याज चढतं. आता मंजूर झालेली सगळी रक्कम उचलत नाही, खोलीत पार्टनर घेतली आणि दरमहा निदान व्याज तरी भरते.