शेजारचा हॅम हवेत आला की दुबळी स्टेशनं गायब? आधी वॉटरफॉल बघा

दोन घरं सोडून दुसरा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, राहायला आला आणि १४.०७४ मेगाहर्ट्झवर माझ्या एफटी८ ची (संगणकाच्या मदतीने छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) तऱ्हाच बदलली. १५ सेकंदांच्या एका फेरीत तीसेक स्टेशनं डिकोड व्हायची, पुढच्या फेरीत जेमतेम तीन. मी आठवडाभर अँटेनाचे कनेक्टर उघडत-जोडत बसलो. तुम्ही तो वेळ घालवू नका. वॉटरफॉल, म्हणजे स्क्रीनवर सरकत जाणारं सिग्नलांचं चित्र, नीट बघितला की बरंचसं तिथेच कळतं.

जोरकस सिग्नल सुरू होताच सगळी पार्श्वभूमी अंधारते आणि तो थांबताच उजळते का? मग एजीसी (गेन आपोआप कमी-जास्त करणारी सोय) रिसीव्हरचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, खाली ओढतंय. पासबँडमधला (रिसीव्हर एका वेळी ऐकतो त्या पट्ट्यातला) सगळ्यात मोठा सिग्नल पाहूनच गेन ठरतो, मग तो आपल्याला हवा असो वा नसो. सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच दबतात, त्यामुळे थोडं दबलं तर बिघडत नाही. पण दोन्ही साउंडकार्डच्या स्वतःच्या नॉइजखाली गेले, की ते दूरचं स्टेशन गेलंच.

पहिलं काम, सिग्नल वाढवणारा प्रीअँप बंद. मग सिग्नल कमी करणारा अटेन्यूएटर लावा. सिग्नल कमी करायला हात धजत नाही, मला कळतं. पण एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) बँडचा नॉइज रिसीव्हरच्या नॉइजपेक्षा बराच वर असतो. अटेन्यूएटर लावलेला असतानाच अँटेना काढून परत जोडा. जोडल्यावर नॉइज स्पष्ट वाढत असेल, तर अटेन्यूएटरने काहीही गमावलेलं नाही. खरखरीचे ठोके गाळणारा नॉइज ब्लँकरही बंद ठेवा, मोठ्या सिग्नलला तो फसतो आणि सगळंच विस्कटतो.

त्यानंतर एजीसी बंद करून आरएफ गेन हाताने कमी करा. हेडफोन आधी काढा, नाहीतर कानांना इजा होईल. नुसता नॉइज असताना डब्ल्यूएसजेटी-एक्सचा (एफटी८ चं सॉफ्टवेअर) लेव्हल मीटर ३० डीबीच्या आसपास ठेवा.

एखादंच दुर्मीळ स्टेशन हवं असेल तर फिल्टरसारखं दुसरं काही नाही. वॉटरफॉलवर शेजारी ७०० हर्ट्झवर आणि स्टेशन २२०० वर, तर ५०० हर्ट्झचा फिल्टर २२०० वर सरकवा. फिल्टर रिगमधलाच, म्हणजे रेडिओ संचातलाच, हवा. सॉफ्टवेअरमध्ये गाळून उपयोग नाही, गेन तोवर दबलेला असतो.

७०० च्या सिग्नलच्या सावल्या १४०० आणि २१०० वर दिसल्या, तर साउंडकार्डकडे जाणारी लेव्हल कमी करा. सावल्या गेल्या तर तुमचंच साउंडकार्ड क्लिप होत होतं, म्हणजे जास्त लेव्हलमुळे सिग्नलची टोकं कापत होतं. मूळ सिग्नलच्या प्रमाणात तशाच राहिल्या, तर बहुधा समोरचा ऑडिओ जास्त सोडतोय; त्याला आपुलकीने सांगा.

एवढं करूनही माझ्याकडे एक अडचण उरली. शेजाऱ्याच्या ट्रान्समीटरचा रुंद नॉइज थेट माझ्या पासबँडमध्येच येत होता. तो कुठल्याच फिल्टरला वेगळा काढता येत नाही, कारण तो हव्या त्याच फ्रिक्वेन्सीवर असतो. शेवटी मी त्याच्याकडे गेलो, आम्ही दोघांनी सेटिंग एकसारखं केलं. आता दोघंही ०० आणि ३० सेकंदांना सुरू होणाऱ्या फेरीतच प्रसारण करतो. १५ आणि ४५ ला दोघांचेही ट्रान्समीटर बंद, आणि तेव्हा बँड पुन्हा पूर्वीसारखा ऐकू येतो.