थर्मल स्विचची वायर कुठे जाते ते आधी बघा

क्रेनच्या होइस्टवर भार उतरताना मोटर जनरेटर होते, एवढं तुम्हाला माहीत असेलच. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमधली डीसी बस, म्हणजे एसीची डीसी होऊन जिथे साठते ती आतली लाइन, 415 व्होल्टच्या सप्लायवर साधारण 585 व्होल्टला असते. मोटरकडून परत आलेल्या विजेने ती फार चढली की ब्रेक चॉपर (ड्राइव्हमधला इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू होऊन जादा वीज रेझिस्टरमध्ये जाळतो. रेझिस्टर ओपन (आतून तुटलेला) असला तर ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. हा फॉल्ट सापडतो, घाबरू नका.

घात करतो तो दुसरा. चॉपरचा आयजीबीटी, म्हणजे वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, शॉर्ट झाला की मोटर थांबलेली असतानाही रेझिस्टर थेट बसवर. हिशेब करा: 40 ओहमवर 585 व्होल्ट म्हणजे साडेआठ किलोवॅट, आणि रेझिस्टरच्या पेटीवर लिहिलंय एक किलोवॅट! रेझिस्टर तापला की उघडणारा थर्मल स्विच उघडतो, ड्राइव्हला एक्स्टर्नल फॉल्ट जातो, डिस्प्लेवर ट्रिप दिसते. सगळ्यांना वाटतं, वाचलो. पण ड्राइव्ह ट्रिप झाला तरी इनपुटचा डायोड ब्रिज (एसीची डीसी करणारा) बस भरतच राहतो, रेझिस्टर तापतच राहतो. आमच्या शॉपमध्ये ट्रिप झालेल्या ड्राइव्हशेजारी पेटीच्या रंगाला फोड आले होते. म्हणून थर्मल स्विचने मेन कॉन्टॅक्टरची (ड्राइव्हचा सप्लाय तोडणाऱ्या स्विचची) कॉइल पाडलीच पाहिजे. नुसती ड्राइव्हच्या इनपुटला दिलेली वायर पुरत नाही. हे ड्रॉइंगमध्ये बघा, मग पॅनेलमध्ये वायर हाताने मागे नेऊन बघा.

तो स्विच बायपास करून क्रेन चालवणारा कितीही सीनियर असो, त्याचं ऐकू नका. ‘डिसेल टाइम (मोटरचा वेग उतरवायचा वेळ) वाढव’ हा सल्लाही होइस्टवर कामाचा नाही, कारण भार उतरतोय तोवर वीज परत येतच असते. लॅपटॉपच्या आधी ड्रॉइंग हातात देणारा गुरू मिळाला तर त्याला सोडू नका.

जळालेला रेझिस्टर बदलण्याआधी चॉपर तपासा, नाहीतर नवाही जळेल. ओहमही मॅन्युअलमधल्या किमान आकड्याखाली नको. बस चढून 760 व्होल्टला गेली की 40 ओहम 19 अँपिअर घेतो, 20 ओहम 38. आयजीबीटी तिथेच जातो.

तपासताना सप्लाय बंद करून लॉक लावा, कव्हरवर लिहिलेला वेळ थांबा आणि बस मीटरने मोजा. एलईडी विझला यावर विसंबू नका. रेझिस्टर सोडवा. मीटर डायोड मोडला, लाल प्रोब बी टर्मिनलला (चॉपरकडून रेझिस्टरला जाणाऱ्या), काळा बसच्या मायनसला. चांगल्या चॉपरवर रीडिंग आधी कमी दिसून हळूहळू चढतं, कारण डायोडमधून कॅपॅसिटर चार्ज होत असतो. त्याला फॉल्ट समजू नका. शून्याला चिकटून बीप वाजतच राहिला, तर आयजीबीटी गेला.