बांबूकाम: काठीची निवड, टिकवण आणि हाताळणी

बांबूला आपण सवयीने लाकडाच्या रांगेत बसवतो आणि नवशिक्याच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. त्याचा कोंब जेवढ्या जाडीचा जमिनीतून वर येतो, तेवढीच जाडी त्या काठीला जन्मभर राहते. दोन ते चार महिन्यांत ती आपली पूर्ण उंची गाठते आणि त्यानंतरची तीन-चार वर्षे केवळ आतून टणक होत जाते. झाडाच्या खोडात वर्षागणिक वाढणारी वलये असतात, तशी यात नसतात. असतात ते बुडख्यापासून शेंड्यापर्यंत सरळ धावणारे तंतू, जे बाहेरच्या सालीजवळ दाट आणि आतल्या पोकळीकडे विरळ होत जातात. बांबू उभा का फाटतो, खिळा मारताच का तडकतो, वाकवल्यावर कोणती बाजू बाहेर ठेवायची, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या रचनेतच सापडतात.

योग्य काठी ओळखणे

हत्यार हाती घेण्यापूर्वी काठीचे वय पाहावे. पहिल्या वर्षाची काठी चकचकीत हिरवी असते, तिच्या पेरांवर पांढरी भुकटी दिसते आणि गाठींशी कोंबाची वाळलेली खोळ अजून चिकटलेली असते. अशी काठी दिसायला सुंदर असली तरी तिच्यात पाणी फार असते, त्यामुळे ती वाळताना आक्रसते आणि सुरकुतते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हिरवेपणा मंदावतो, सालीवर करड्या-पांढऱ्या शेवाळाचे डाग येतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर बद्द आवाजाऐवजी खणखणीत आवाज येतो. शिडी, मांडव, खुर्ची किंवा टेबल अशा भार सोसणाऱ्या कामासाठी तीन ते पाच वर्षांची काठी घ्यावी. विणकामाला मात्र साधारण दोन वर्षांची, अजून लवचीक असलेली काठी अधिक बरी. फार जुनी काठी ठिसूळ होते आणि तिची पट्टी विणताना मोडते. ज्यांच्याकडे स्वतःचे बांबूचे बेट आहे त्यांनी दरवर्षीच्या नव्या काठ्यांवर वेगळ्या रंगाची खूण करून ठेवावी, म्हणजे वयाचा अंदाज बांधत बसावे लागत नाही.

तोडणी जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर करावी. पेराच्या मध्यावर तोडल्यास मागे राहिलेल्या खुंटाचा पेला बनतो, त्यात पावसाचे पाणी साचते आणि कंद कुजू लागतो. काळ निवडताना नवे कोंब फुटण्याचा हंगाम टाळून त्यानंतरचा कोरडा ऋतू घ्यावा. चंद्राच्या कलेवरून तोडणीचा दिवस ठरवण्याची समजूत अनेक देशांत आढळते. पण काठीचे वय चुकले असेल, तर कोणतीही तिथी ती वाचवू शकत नाही, असे माझे मत आहे.

किडीशी सामना

बांबूचा खरा शत्रू बारीक भुंगेरा आहे. तो बांबूतील स्टार्चच्या ओढीने आत शिरतो आणि काही महिन्यांत आतला भाग पीठ करून टाकतो. आपल्या काठीत स्टार्च किती आहे, हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. ताज्या कापाच्या तोंडावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत आणि मिनिटभर थांबावे. तपकिरी डाग तसाच राहिला, तर स्टार्च थोडा आहे. तो निळसर काळा पडला, तर ती काठी प्रक्रियेशिवाय घरात आणू नये. पहिल्यांदा ही चाचणी केली तेव्हा शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन काठ्यांपैकी एकीचे तोंड शाई सांडल्यासारखे झाले होते, आणि वरून पाहता दोघींत काहीही फरक दिसत नव्हता.

स्टार्च कमी करण्याचे जुने उपाय आजही उपयोगी आहेत. तोडलेली काठी फांद्यापानांसकट बेटातच दोन-तीन आठवडे उभी टेकवून ठेवली, तर पाने जिवंत असेपर्यंत ती आतला साठा वापरत राहतात. वाहत्या पाण्यात चार ते बारा आठवडे बुडवून ठेवल्यास विरघळणारी द्रव्ये निघून जातात. मात्र या दिवसांत वास फार येतो, हे आधीच लक्षात घ्यावे.

अधिक भरवशाचा उपाय टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक अ‍ॅसिडचा आहे. शंभर लिटर पाण्यात तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक अ‍ॅसिड मिसळले, की सुमारे पाच टक्क्यांचे द्रावण तयार होते. पाणी कोमट असेल तर पूड लवकर विरघळते. काठीच्या सालीतून द्रावण आत जवळजवळ शिरतच नाही, म्हणून लांब लोखंडी सळई आतून घालून गाठींचे सर्व पडदे आधी फोडून घ्यावेत आणि मगच काठ्या टाकीत आडव्या बुडवाव्यात. काठ्या तरंगतात, त्यामुळे त्यांच्यावर दगड ठेवावे लागतात. अखंड काठीला दहा ते चौदा दिवस द्यावेत. उभ्या फाडलेल्या कामट्यांना याहून पुष्कळ कमी वेळ पुरतो. हे काम रबरी हातमोजे घालून करावे, आणि ज्या वस्तूत अन्न ठेवायचे आहे तिच्यासाठी हे द्रावण मुळीच वापरू नये; तिथे उकळणे, धुरी देणे आणि कोरडेपणा राखणे एवढेच करावे. शिवाय हे क्षार पाण्याबरोबर धुऊन निघतात, त्यामुळे उघड्या पावसात किंवा ओल्या मातीत राहणाऱ्या बांबूचे रक्षण त्यांनी फार काळ होत नाही.

वाळवण्याच्या कामात घाई करू नये. लाकूड बरेचसे वाळल्यानंतर आक्रसू लागते, बांबू मात्र तोडल्या क्षणापासूनच आक्रसत जातो. कडक उन्हात टाकलेली काठी म्हणूनच एका रात्रीत उभी तडकू शकते. काठ्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून उचलून उभ्या ठेवाव्यात, मधूनमधून फिरवाव्यात आणि जाडीनुसार सहा ते बारा आठवडे थांबावे.

फाडणे, म्हणजे या कामाचे मर्म

बांबू कापण्यापेक्षा फाडणे महत्त्वाचे आहे, कारण फाडताना तंतू तुटत नाहीत, फक्त एकमेकांपासून सुटतात. काठी उभी धरून तिच्या शेंड्याकडच्या तोंडावर कोयत्याची धार बरोबर मध्यावर ठेवावी आणि लाकडी ठोकळ्याने हलके ठोकावे. धार पहिली गाठ ओलांडेपर्यंत थोडा जोर लागतो. त्यानंतर कोयता किंचित पिळला की फट स्वतःच पुढे धावते आणि प्रत्येक गाठीशी फटाक्यासारखा आवाज होतो. यानंतर दर वेळी अर्ध्याचे अर्धे करत जावे: एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. एका बाजूने दोन भाग आणि दुसऱ्या बाजूने एक भाग राहील अशी फट घातली, तर ती अरुंद भागाकडे सरकते आणि पट्टी मध्येच निमुळती होऊन संपते.

फट सरकू लागली, तरी ती परत मध्यावर आणता येते. जो भाग जाड राहिला आहे, त्याला बोटांनी अधिक वाकवावे आणि पातळ भाग जवळजवळ सरळ ठेवावा. जास्त वाकलेल्या बाजूकडे फट ओढली जाते. ही गोष्ट वाचून पटते, पण हाताला कळायला वीस-पंचवीस कामट्या वाया घालवाव्या लागतात. त्यासाठी पहिली काठी सरावाचीच समजावी.

कामट्या झाल्यावर आतल्या पडद्यांचे अवशेष छिलून काढावेत आणि मग जाडीत फाडावे. बाहेरचा सालीकडचा थर सर्वांत चिवट असतो, तोच विणीसाठी ठेवावा. आतला पांढरट, भुसभुशीत भाग विणकामाच्या कामाचा नाही. सर्व पट्ट्या एकाच रुंदीच्या होण्यासाठी एका जाड ठोकळ्यात दोन धारदार पाती हव्या तेवढ्या अंतरावर ठोकून घ्यावीत आणि प्रत्येक पट्टी त्या दोहोंमधून ओढून घ्यावी. पट्टीची कड कागदापेक्षाही वाईट कापते, तेव्हा चामडी मोजे घालायला विसरू नये. सालीत सिलिका असल्यामुळे हत्यारांची धारही लवकर जाते, म्हणून धारेचा दगड हाताशी ठेवावा.

विणणे, वाकवणे, जोडणे

विणण्यापूर्वी पट्ट्या तासभर पाण्यात भिजवाव्यात. गोल टोपलीत एकच पट्टी फेर घेत वर चढत असेल, तर उभ्या काड्यांची संख्या विषम हवी, नाहीतर प्रत्येक फेरात पट्टी त्याच काडीच्या वरून आणि त्याच काडीच्या खालून जाईल आणि वीण बसणारच नाही. सुपासारख्या दाट कामाला दोनावर-दोन अशी तिरकी वीण शोभते. मोठ्या, हलक्या हाऱ्याला तीन दिशांच्या पट्ट्यांनी होणारी षट्कोनी वीण उत्तम, कारण तिच्यात प्रत्येक पट्टी दुसरीला अडवून धरते आणि थोड्या मालात मजबुती येते. काठाला आतून आणि बाहेरून एकेक जाड पट्टी लावून तारेने किंवा पातळ पातीने गुंडाळावे.

जाड कामटी किंवा काठी वाकवायची असेल, तर ती मंद आचेवर सतत फिरवत तापवावी. सालीवर तेलकट चमक आली की ती फडक्याने पुसावी, सावकाश साच्यावर दाबावी आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नये. अखंड काठीची पेरे आधी छिद्र पाडून मोकळी करणे अत्यावश्यक आहे. एकदा मी कंटाळा करून बंद पेर तसेच तापवले, तर आतल्या हवेने ते बंदुकीच्या बारासारखे फुटले आणि एक चिरफळी माझ्या कपाळाला चाटून गेली.

जोडकामात थेट खिळा मारू नये. आधी ड्रिलने भोक पाडावे, जोड शक्यतो गाठीजवळ घ्यावा आणि आडव्या काठीचे तोंड उभ्या काठीच्या गोलाईत बसेल असे खोलगट कोरावे. नट-बोल्ट आवळताना पोकळ पेर चेपते. तिथे आत लाकडाचा गुटका बसवावा किंवा बांधकाम मोठे असल्यास सिमेंटचा मसाला भरावा. दोरीऐवजी भिजवलेली बांबूची पात गुंडाळली, तर ती सुकताना आवळली जाते.

एकाच काठीचे वाटप उपयोगानुसार करता येते. जाड भिंतीचा बुडखा पायांना आणि खांबांना, मधली लांब पेरे कामट्यांना आणि पट्ट्यांना, निमुळता शेंडा वेलींच्या आधाराला किंवा कुंपणाला. पातळ भिंतीची, लांब पेराची जात बासरीला लागते. पट्ट्या चौकोनी तासून, डिंकाने चिकटवून आणि दाबून केलेल्या फळ्यांपासून फरशी आणि फर्निचर होते. 1880 मध्ये एडिसनच्या दिव्यातील तारसुद्धा बांबूचे तंतू जाळून कोळसा करून बनवलेली होती आणि ती हजार तासांहून अधिक जळत असे. बांबूचे म्हणून विकले जाणारे मऊ कापड मात्र बहुतेक वेळा रसायनांत विरघळवून काढलेले व्हिस्कोस असते, त्याचा या हातकामाशी काही संबंध नाही.

प्रक्रिया न केलेला बांबू मातीत रोवला तर एक ते तीन वर्षेच टिकतो, म्हणून बाहेरच्या कामात पाय दगडावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर टेकवावेत आणि वर छपराची पुरेशी पागोळी द्यावी. घरातल्या वस्तूंना पॉलिश पेपरने घासून जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत. तेल लावलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप पेट घेऊ शकते. उघडे पसरून वाळवावे. वस्तूखाली कधी पिवळसर बारीक भुकटी पडलेली दिसली, तर ती झाडून मोकळे न होता त्या वस्तूवरची टाचणीच्या टोकाएवढी भोके शोधावीत, ती वस्तू इतरांपासून लगेच वेगळी करावी आणि सुईच्या पिचकारीने प्रत्येक भोकात टाकणखाराचे तेच द्रावण सोडावे.