तालुक्याच्या गावातून सिनेमाचं परीक्षण लिहायचं तर

शुक्रवारी दुपारपर्यंत मोबाइलवर नव्या सिनेमाला मिळालेले तारे येऊन पडलेले असतात. त्यामुळे ‘पाहावा की नाही’ एवढंच सांगणारं परीक्षण विदर्भातल्या वणीत किंवा मूर्तिजापुरात कोणी वाचणार नाही. बाबूराव पटेलांनी १९३५ मध्ये ‘फिल्मइंडिया’ हे सिनेमासिक सुरू केलं, तेव्हा छापील शब्दाचा दरारा होता. १९५१ मध्ये पॅरिसला निघालेल्या ‘काहिए द्यु सिनेमा’ या मासिकाच्या समीक्षकांनी सिनेमात दिग्दर्शकाचा हात ओळखायला शिकवलं. १९९८ मध्ये ‘रॉटन टोमॅटोज’ हे परीक्षणं एकत्र करणारं संकेतस्थळ आलं आणि मतांची टक्केवारी झाली. तिथले ९० टक्के म्हणजे शंभरातल्या नव्वद समीक्षकांना सिनेमा बरा वाटला. तो किती चांगला आहे, हे त्या आकड्यात नसतं. ते तुम्ही पुराव्यानिशी सांगायचं, आणि विदर्भावरचा सिनेमा असेल तर पुरावा तुमच्या धुऱ्यावरच आहे.

सर्वांत आधी हंगाम तपासा. कोरडवाहू कपाशी मृगाच्या पावसावर टोबतात आणि वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास लागते. पोळ्याच्या प्रसंगात मागे पांढरंशुभ्र फुटलेलं शेत दिसलं, तर ते चुकलंच. यवतमाळच्या शेतकऱ्यामागे धानाच्या बांध्या दिसल्या, तर चित्रीकरण बहुधा भंडारा-गोंदियाकडे किंवा विदर्भाबाहेर झालं असावं. पण अशा चुकांची नुसती यादी देऊ नका. प्रेमकथेत ही चूक किरकोळ ठरते. कर्जाच्या कथेत मात्र हंगाम हाच कथेचा कणा असतो, कारण उसनवारी पेरणीआधी होते आणि फेड वेचणीनंतर. तिथे महिना चुकला की पात्राची घालमेलच खोटी पडते. चूक कथेला कुठे लागते, ते लिहा.

मग बोली. वाक्यामागे ‘बे’ लावला म्हणजे वऱ्हाडी होत नाही. ‘मले’, ‘काहून’, ‘करून राह्यलो’ ही रूपं ऐका. अकोला-अमरावतीकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया. गडचिरोलीच्या पात्राच्या तोंडी वऱ्हाडी घातली असेल तर तेही नोंदवा, तिकडे झाडीबोली आहे. खरी परीक्षा रागाच्या आणि रडण्याच्या प्रसंगात होते. शांतपणे ‘मले’ म्हणणारा नट ओरडताना ‘मला’ म्हणू लागला, तर बोली त्याच्या अंगात उतरलेलीच नाही. असं एक वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. ‘अभिनय अप्रतिम’ या दोन शब्दांपेक्षा त्याला जास्त वजन असतं.

टिपणं अंधारातच घ्यायची, मोबाइल न उघडता. खिशात मावणारी वही, मोठं अक्षर, एका पानावर दोन-तीनच ओळी. ओळीवर ओळ चढली की घरी काहीच लागत नाही. मध्यंतरात पहिल्या भागाच्या शेवटी काय अपेक्षा तयार झाली ते एका वाक्यात लिहून ठेवा. शेवट पाहिल्यावर ती अपेक्षा आठवत नाही, आणि उत्तरार्ध का फसला हे मग सांगता येत नाही.

एकपडदा चित्रगृहात दृश्य काळवंडलेलं दिसलं, तर छायालेखकाला दोष देण्याआधी ट्रेलर मोबाइलवर पाहा. दोष प्रोजेक्टरचा असू शकतो. घरी मोबाइलवरच पाहिला असेल तर इअरफोन लावा, आणि परीक्षणात तसं सांगा.

लिहिताना पाचशे शब्दांत कथेला ऐंशीच्या वर देऊ नका, तीही मध्यंतरापर्यंतची. दोन प्रसंग निवडा, एक जमलेला आणि एक फसलेला. कॅमेरा कुठे होता, आवाज कधी थांबला, कोण कोणाकडे पाहत नव्हतं, हे सांगून मगच मत द्या. दुसऱ्याचं परीक्षण आपला मसुदा पूर्ण झाल्याशिवाय वाचू नये, त्यातली विशेषणं नकळत आपल्या वाक्यात शिरतात.

नावं पोस्टरवरून उतरवा. श्रेयनामावलीसाठी पडद्यावर मोबाइल रोखू नका, चित्रगृहात सिनेमाचं चित्रीकरण करणं गुन्हा आहे.